सर्पदंश : सिस्टर अडवतात ते कशासाठी?

पावसाळ्यात शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा भागातून सर्पदंशाचे रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात येतात. सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, "सिस्टर, पान लागलंय (साप चावलाय), देवरुषाकडनं जाऊन येतो, तासाभराचा तर प्रश्न." नेमका तो तासच रुग्णापाशी नसतो.

"देवरुषानं उठवलेली माणसं आम्ही बघितलीत." बघितली असतील. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही दर चाव्यात विष सोडतोच असं नाही. ती माणसं मंत्राविनाही उठली असती. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष भिनलं, तर उतारा एकच : प्रतिविषाचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं.

"कडुलिंबाचा पाला कडू लागला, म्हणजे विष नाही." चवीवरून विष कळत नाही. उलट मण्यारीच्या विषानं गिळणं अवघड होतं, तेव्हा तोच पाला घशात अडकतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सूजही नसते. पुढं पोटात कळ येते, पापण्या जड होतात. घरच्यांना वाटतं, झोप आलीय. सिस्टर मात्र सांगतात, "एका दमात आकडे म्हणा." मघाशी वीसपर्यंत गेलेला माणूस दहावरच थांबला, तर श्वासाचे स्नायू थकताहेत हे त्या ओळखतात आणि डॉक्टरांना बोलावतात.

सगळ्यात घातक समज पुढचा. "नुसतं सलाईन लावलंय, काही करत नाहीत," म्हणत नातेवाईक सही करून पेशंट हलवतात. खरं तर तेव्हा तपासणी चालू असते. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी आडवी केल्यावर रक्त पातळच वाहिलं, तर विषानं रक्त गोठणं थांबवलंय. अशी लक्षणं दिसली की प्रतिविष देतात. पहिल्यांदा रक्त गोठलं तरी तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणून चोवीस तास ठेवून घेतात. हे खाटेशी उभं राहून समजावणं औषध देण्याइतकंच मोलाचं आहे.

"सिस्टरनी घरच्यांच्या निर्णयात पडू नये," हेही चूक. परिचारिकेची पहिली बांधिलकी रुग्णाशी असते. शिवाय 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कपाळाला अंगारा लावायला कुणाची हरकत नसावी. जखमेवर लेप, तोंडात काढा किंवा पेशंट उचलून नेणं, याला मात्र सिस्टरनी ठाम नकार दिलाच पाहिजे.

साप चावला तर 108 ला फोन करा, रुग्णाला चालवू नका, चावा कापू नका. दोरी आधीच करकचून बांधली असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सुटू द्या. आणि देवरुषाकडं जाऊन आला असाल, काही पाजलं असेल, तर सिस्टरपासून लपवू नका; पुढचे उपचार त्यावर ठरतात.