कागदपत्रांच्या फाइली हलक्या कशा कराव्यात?

रोवणीच्या तोंडावर अवजारासाठी केलेला अर्ज केवळ कागद वेळेत न पोहोचल्यामुळे मागे पडावा, हे शेतकऱ्यास परवडणारे नाही. महाडीबीटीसारख्या शासकीय संकेतस्थळावर निवड झाल्यानंतर कागदपत्रे ठराविक मुदतीत चढवावी लागतात व फाइलच्या आकारास मर्यादा असते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात जेथे मोबाइलचे नेटवर्क क्षीण असते, तेथे जड फाइल ही मोठीच अडचण होय. म्हणून फाइल हलकी करण्याची रीत गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने अवगत करून घ्यावी.

वेळेचा हिशेब

सेकंदास १०० किलोबिट एवढ्या मंद वेगाने ४ एमबीचे छायाचित्र पाठविण्यास पाच मिनिटांहून अधिक काळ लागतो. मध्येच नेटवर्क तुटल्यास पुष्कळदा आरंभापासून सुरुवात करावी लागते. तोच कागद ४०० केबीचा केल्यास सुमारे अर्ध्या मिनिटात जातो.

फाइल जड का होते?

छायाचित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या छायाचित्रात १ कोटी २० लक्ष ठिपके असतात. ए-४ कागद वाचनीय राहण्यास दर इंचास १५० ठिपके, म्हणजे एकंदर सुमारे २२ लक्ष ठिपके, बहुधा पुरतात. बाकीचा भार कोंड्यासारखा असतो. धान उफणताना कोंडा उडतो व दाणा राहतो, तसेच येथे करावयाचे असते.

कृती

१. कागद सपाट जागी, भरपूर उजेडात ठेवून सरळ वरून छायाचित्र घ्यावे. सावली पडू देऊ नये.
२. भोवतालची जमीन, चटई इत्यादी भाग कापून टाकावा.
३. लांबी व रुंदी निम्मी करावी. त्यामुळे ठिपके एक-चतुर्थांश उरतात.
४. रंगाची आवश्यकता नसल्यास करड्या छटेत जतन करावे.
५. अर्जात मागितल्याप्रमाणे जेपीजी किंवा पीडीएफ स्वरूप निवडावे.

जेपीजी छायाचित्रे झिप केल्याने आकार फारसा घटत नाही. ती आधीच दाबलेली असतात.

दक्षता

फाइल हलकी करताना दाणाच उडू नये. गट क्रमांक, खाते क्रमांक व नाव स्पष्ट वाचता येते की नाही, हे फाइल मोठी करून पाहावे. एकच अंक पुसट झाला तरी अर्ज परत येऊ शकतो. दाबलेली फाइल पुन्हा पुन्हा दाबू नये. दर वेळी अक्षरे बिघडतात. मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी व प्रत्येक वेळी तिच्यापासूनच नवी प्रत करावी.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा छापून पुन्हा त्याचे छायाचित्र काढू नये, अथवा ती फाइल दाबूही नये. तिच्यात फेरफार झाल्यास स्वाक्षरीची पडताळणी होत नाही. ती बहुधा मुळातच लहान असते, म्हणून आहे तशीच चढवावी.

आधार व बँकेचे पासबुक आकार घटविण्यासाठी कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये. मोबाइलमधील छायाचित्र-संपादनाची सोय या कामास पुरते. ती वापरता न आल्यास आपले सरकार सेवा केंद्रात जावे.

कार्यकर्त्यांनी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, निवडीची वार्ता कळताच शेतकरी बंधूंच्या फाइली तयार करवून घ्याव्यात. नेटवर्क मिळेल तेव्हा त्या हाताशी असल्या म्हणजे काम तडीस जाते.