भीमाशंकर : चाकणच्या शेजारचं हिरवं बेट

चाकणच्या उत्तरेला राजगुरुनगरजवळून वाहणारी भीमा सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकरच्या जंगलात उगम पावते. हे सदाहरित जंगल म्हणजे बेटच. समुद्र नसताना बेट कसं, असं कुणी म्हणेल. पण शेकरूच्या बाजूने पाहा. हा आपला राज्यप्राणी झाडावरून झाडावर झेपावत फिरतो, उंच फांद्यांवर काटक्या-पानांचं घरटं बांधतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. फांद्यांची सलगता तुटली की मधलं उघडं रान त्याला समुद्रासारखंच अडवतं.

१९८५मध्ये अभयारण्य झालं, मग काळजी कशाला? हद्द आखल्याने कुऱ्हाड थांबते, फांद्यांचं तुटलेलं छत जुळत नाही. म्हणूनच देवाच्या नावाने राखलेल्या आहुपेसारख्या देवराया मला फार मोलाच्या वाटतात.