हशा पिकला आणि कंपनी मोडली

शिकागो विद्यापीठाजवळच्या पंचावन्नाव्या रस्त्यावर, एका बारच्या आवारात, ५ जुलै १९५५ रोजी ‘कंपास प्लेअर्स’चा पहिला खेळ झाला. नाटक होतं, नट होते, पण संवाद कुणीच लिहिले नव्हते. अमेरिकेतल्या उत्स्फूर्त विनोदाचा आजचा सगळा पसारा या खेळापासून मोजतात. गंमत म्हणजे कंपास काढणाऱ्या डेव्हिड शेफर्डला विनोदी कंपनी काढायचीच नव्हती.

शेफर्ड श्रीमंताघरचा, हार्वर्डमध्ये शिकलेला. ब्रॉडवेच्या दिवाणखानी नाटकांचा त्याला वीट आला होता. त्याला कामगारांसाठी रंगभूमी हवी होती: खातपीत, गप्पा मारत बघावी अशी, त्यांच्याच जगण्यावरची. डोळ्यांपुढे होती जुनी इटालियन कॉमेडिया देल आर्ते. ठरलेली पात्रं, गोष्टीचा सांगाडा आणि बाकी सगळं नटाच्या हजरजबाबीपणावर. (आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला यात काही नवल वाटलं नसतं.)

पॉल सिल्स हा त्याचा जोडीदार आणि दिग्दर्शक. दोघांनी १९५३ मध्ये काढलेला ‘प्लेराइट्स थिएटर क्लब’ अग्निसुरक्षेच्या नियमांपायी १९५५ मध्ये बंद पडला होता. सिल्सची खरी पुंजी म्हणजे त्याची आई, व्हायोला स्पोलिन. स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना या बाईंनी नाट्यखेळांची एक पद्धतच घडवली होती. नसलेली वस्तू हातात धरायची, तिचं वजन जाणवू द्यायचं, समोरचा देईल ते झेलायचं. डोकं लढवून विनोद करायला जाल तर खेळ फसतो, हे त्यातलं मर्म. कंपासच्या नटांना ही तालीम मिळाली, आणि माझ्या मते शेफर्डच्या ध्येयवादापेक्षा याच तालमीने कंपनीला पायांवर उभं केलं.

प्रयोगात आधी आराखड्यावर बेतलेलं नाटक, जोडीला वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरचा ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ आणि शेवटी पब्लिकने सुचवलेल्या विषयांवरचे प्रवेश. पण पब्लिक कोण? कामगार नव्हे. बाकं भरली ती विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी. त्यांना फ्रॉइड ठाऊक, अस्तित्ववाद ठाऊक, आणि स्वतःची टिंगल झालेली त्यांना फारच आवडे.

याच पब्लिकपुढे माइक निकोल्स आणि एलेन मे ही जोडी जमली. किस्सा प्रसिद्ध आहे: रेल्वे स्टेशनवर ती बाकावर बसलेली दिसली, त्याने जवळ जाऊन गुप्तहेराच्या थाटात बसायची परवानगी मागितली, तिने त्याच थाटात उत्तर दिलं, आणि प्रवेश सुरू! मोटारीच्या मागच्या सीटवरच्या दोन पोरांचा त्यांचा प्रवेश तर बघण्यासारखा. सिगारेटचा झुरका घेतलेला असतानाच चुंबन येतं. आता धुराचं काय करायचं? ओठ न हलवता मे तोंडाच्या कोपऱ्यातून तो हळूच सोडून देते. असली जागा टेबलाशी बसून लिहून काढता येत नाही.

पण एकदा सापडली की सोडवतही नाही, आणि नेमकं इथेच घोडं अडलं. हमखास हशा घेणारा प्रवेश पुन्हा पुन्हा होऊ लागला. शेली बर्मन स्टुलावर बसून नसलेल्या फोनवर एकटाच बोलायचा, तेही आयटम म्हणून पक्कं झालं. उत्स्फूर्त म्हणून जन्मलेल्या गोष्टी पाठ होत गेल्या, आणि शेफर्डची लांबलचक सामाजिक नाटकं मागे पडली. जागा बदलत बदलत शिकागोतला कंपास १९५७ च्या सुरुवातीला बंद झाला.

सेंट लुइसमध्ये थिओडोर फ्लिकरने दुसरा संच उभा केला. स्वयंपाकघरात बसून त्याने आणि मेने या खेळाचे नियम मांडले. समोरच्याने जे आहे म्हटलं ते नाकारायचं नाही, हा त्यातला मुख्य. आजही जगभरच्या कार्यशाळांत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. नियम टिकले, संच टिकला नाही. वर्ष संपता संपता निकोल्स आणि मे न्यूयॉर्कला गेले, आणि १९६० मध्ये त्यांचा दोघांचाच कार्यक्रम ब्रॉडवेवर लागला. बर्मनच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या.

सिल्सने मात्र धडा घेतला. १६ डिसेंबर १९५९ ला बर्नी सालिन्स आणि हॉवर्ड आल्क यांच्यासोबत त्याने ‘सेकंड सिटी’ उघडलं. तिथे तालमीत उत्स्फूर्तपणे सापडलेलं घोटून पक्कं करायचं आणि तेच रोज दाखवायचं. नवं काही सुचवायची पब्लिकची हौस मूळ कार्यक्रमानंतर पुरवायची. धंदा म्हणून ही शहाणपणाची तडजोड होती, आणि ती संस्था आजही चालू आहे.

शेफर्डला ही तडजोड मानवणारी नव्हतीच. कंपासचं नाव त्याने इतर गावांत चालवून पाहिलं. मग साध्या माणसांनीच संघ करून खेळावं म्हणून उत्स्फूर्त नाट्याच्या स्पर्धांची टूम काढली. त्यातूनच १९८० च्या दशकात चार्ना हाल्पर्नसोबत शिकागोत ‘इम्प्रॉव्हऑलिम्पिक’ सुरू झालं. थोड्याच काळात तो त्यातूनही बाहेर पडला, आणि हाल्पर्नच्या जोडीला आला डेल क्लोज, सेंट लुइसच्या कंपासमधलाच एक नट.