मी काय बटीक आहे?

रात्री जेवणं झाली की आमच्या घरी ताटं तशीच पडून राहतात. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "मी काय तुमची बटीक आहे का?" हे वाक्य तिच्याकडे आजीकडून आलं. आजी श्रीरामपूरकडची. बटीक म्हणजे मोलकरीण, असंच मी इतकी वर्षं समजत होतो.

सेकंड इयरला असताना मोल्सवर्थचा कोश उघडला आणि चमकलो. बटीक म्हणजे गुलाम बाई! मोलकरणीला पगार असतो आणि ती काम सोडू शकते. बटकीला दोन्ही नाही.

गुलामगिरी म्हटलं की आपल्याला रोम आठवतं. २०२५च्या सप्टेंबरात एका रविवारी मिस्सामध्ये फिलेमोनला लिहिलेल्या पत्राचं वाचन झालं. अनेसिम हा त्याचा गुलाम. नावाचा अर्थच 'उपयोगी'. संत पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला विनवतो, आता याला गुलाम नव्हे, भाऊ म्हणून घे. मला वाटायचं, हे सगळं तिकडचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं.

पण पेशवाईच्या दप्तरांत अशा बायका पानोपानी भेटतात. तिथे त्यांना 'कुणबीण' म्हटलंय (कुणबी जातीशी इथे संबंध नाही). कुणाला दुष्काळात घरच्यांनीच विकलेलं, कुणाला स्वारीत धरून आणलेलं. कुणावर व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारनेच तिला शिक्षा म्हणून कुणबीण केलेलं. घरोघरी दळण-कांडण, पाणी, शेणगोठा त्यांच्याकडे. सरकारी कुणबिणी कोठीत, पागेत, इमारतींच्या कामावर. मोबदला म्हणजे शिधा आणि लुगडं. रोमन कायद्यात मूल आईचा दर्जा घेई, म्हणजे गुलामच. आपल्याकडे मालकापासून झालेल्या मुलाला 'लेकावळा' हा वेगळा शब्दच होता. वय झाल्यावर किंवा नातेवाइकांनी पैसे भरल्यावर काहींची सुटका होई.

आणि आपला माळवा? मंदसोरच्या तहानंतर इथला कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कमने १८२३च्या ग्रंथात नोंदवलंय की माळव्यात गुलाम मुख्यतः बायकाच आहेत. १८४३च्या कायद्याने कंपनीच्या मुलखातल्या कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं. १८६२पासून दंडसंहितेने माणसाची अशी खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. इंदूर संस्थान असल्यामुळे ते कायदे इथे थेट लागू नव्हते.

पौलाने अनेसिमसाठी रदबदली केली, पण गुलामगिरीच मोडा, असं काही त्या पत्रात नाही. हे मला खटकतं, आणि खटकायला हवं असंही वाटतं. कारण एका माणसावर दया करणं सोपं असतं. ज्या व्यवस्थेवर आपलं घर चालतं, तिला हात लावणं अवघड.

आईच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे, म्हणून तर ती तो विचारू शकते. त्या बायकांनी विचारला असता, तर उत्तर 'हो' आलं असतं.

हल्ली मी माझं ताट उचलतो. बाकीची तीन अजून आईच उचलते.