खनिज घरचे, कोळसा परका

चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती पडला. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल चांगली चालू लागली होती. लोहारा इथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आणि हाकेच्या अंतरावर नसली तरी फार लांबही नसलेली वरोऱ्याची कोळसा खाण, असा योग जुळत होता. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि बेत बारगळला. पुढे १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, तेव्हा कारखान्यासाठी झरियाच्या कोळशाला जवळची साकची निवडली गेली. तेच आजचे जमशेदपूर. तिथे १९१२ मध्ये पोलाद निघाले.

भारताच्या पोलाद धंद्यात आजही खरी अडचण कोळशाचीच आहे. उत्पादनाच्या आकड्यांनी ती झाकली जाते, कारण ते आकडे खरोखरच मोठे आहेत. २०१४-१५ मध्ये जेमतेम ९ कोटी टन कच्चे पोलाद करणारा देश २०२४-२५ मध्ये १५ कोटी टनांच्या पुढे गेला. २०१८ मध्ये आपण जपानला मागे टाकून जगात दुसरे झालो. पहिल्या क्रमांकावरचा चीन मात्र वर्षाला १०० कोटी टनांच्या घरात आहे. आपला दरडोई वापर १०० किलोच्या आसपास, तर जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे पूल, घरे, रेल्वे यांसाठी आपल्याला पोलाद लागणारच आहे, आणि २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ साठी ठेवलेले ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य अवाजवी म्हणता येत नाही.

प्रश्न आहे तो हे पोलाद कशाच्या जोरावर करायचे याचा. दगडी कोळसा आपल्याकडे उदंड आहे, पण त्यातला बहुतेक वीज करण्यापुरता. झोतभट्टीला कोक लागतो. विशिष्ट जातीचा कोळसा हवेवाचून तापवला की तो मऊ होतो, फुगतो आणि शेवटी सच्छिद्र, कणखर ढेकळासारखा घट्ट होतो. भट्टीत वरच्या खनिजाचा आणि चुनखडीचा सगळा भार या ढेकळांनी पेलायचा, वर चढणाऱ्या वायूला वाट द्यायची आणि खनिजातला ऑक्सिजन काढून घेण्यासाठी कार्बनही पुरवायचा. ज्वारीच्या पिठाला विरी नसली की भाकरी थापता थापता तुटते. साध्या कोळशाचे नेमके तसे होते, त्याचा भुगा पडतो. झरियाच्या कोळशाला ही विरी आहे, पण त्यात राख फार.

म्हणून पोलादासाठी लागणारा सुमारे ८५ ते ९० टक्के कोकिंग कोळसा आपण बाहेरून आणतो. त्यात मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. रायगडमधल्या डोलवीच्या कारखान्याकडे धरमतरच्या खाडीतून कोळसा येतो, तो याच आयातीचा भाग. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे या कोळशाचा भाव टनाला ६०० डॉलरच्या पार गेला आणि इथल्या बांधकामाचा हिशेब कोलमडला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावले आणि नोव्हेंबरमध्ये ते काढून घेतले. सहा महिन्यांत दोनदा धोरण बदलल्यावर परदेशातला गिऱ्हाईक आपल्यासाठी थांबून राहत नाही.

खनिजाच्या बाबतीत मात्र आपण उधळेपणा केला. गोव्यातून २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले, बरेचसे चीनला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, अटींवर ते सुरू झाले, आणि २०१८ मध्ये ८८ भाडेपट्टे रद्द झाल्यावर पुन्हा ठप्प झाले. आता नजर गडचिरोलीच्या सुरजागडवर आहे. तिथल्या माडिया गोंडांच्या जंगलावरच्या हक्काचा प्रश्न सोडवल्याशिवाय त्या खनिजाला स्वस्त म्हणणे मला पटत नाही.

तयार पोलादाच्या व्यापारात तर चित्रच पालटले आहे. २०२४-२५ मध्ये सुमारे ९५ लाख टन पोलाद आयात झाले आणि निर्यात ५० लाख टनांच्या आतच राहिली. घरबांधणी मंदावलेल्या चीनने २०२४ मध्ये ११ कोटी टनांच्या आसपास माल जगभर विकला. कोरिया आणि जपानचा माल व्यापार करारांमुळे आपल्याकडे सवलतीने येतो. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काही सपाट पोलाद प्रकारांवर १२ टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले. पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरवत तीन वर्षे ठेवायचे ठरले. मोठ्या कारखान्यांना त्याने श्वास मिळतो हे खरे. पण पत्रा विकत घेऊन सुटे भाग करणारा चाकणचा किंवा भोसरीचा छोटा उद्योजक त्याची किंमत मोजतो, आणि त्याची बाजू दिल्लीत क्वचितच मांडली जाते.

या सगळ्यात जालन्याकडे फारसे कुणी पाहत नाही. तिथे झोतभट्टी नाही. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातून काढलेले लोखंड) विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट म्हणजे लांब ठोकळे होतात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळई धावत बाहेर पडते. शेवटच्या रोलरनंतर तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरचा थर क्षणात कडक होतो, गाभा तापलेलाच राहतो आणि आतली धग बाहेरच्या थराचा ठिसूळपणा घालवते. कापलेल्या सळईचे टोक घासून त्यावर आम्ल लावले तर काळपट कडे आणि फिकट गाभा वेगवेगळे दिसतात. भूकंपात घर वाकले तरी चटकन मोडू नये, ही अपेक्षा या मऊ गाभ्यावर असते.

या वाटेला कोक लागत नाही, म्हणून ती जपायला हवी. पण स्पंज आयर्नमध्येही मेख आहे. त्याच्या उत्पादनात भारत जगात पहिला, आणि आपले बहुतेक स्पंज आयर्न साध्या कोळशावर होते. त्यामुळे आपल्या एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. युरोप आपले मोठे गिऱ्हाईक, आणि तिथे जानेवारी २०२६ पासून आयात पोलादाच्या कार्बनचा हिशेब पैशांत लागू लागला.

भंगारातून केलेल्या पोलादावर हा भार सर्वांत कमी पडतो. पण आपल्या देशातले बरेचसे पोलाद अजून तरुण आहे, पुलांत आणि इमारतींत अडकलेले आहे, त्यामुळे भंगारही आपण आयात करतो. जुन्या गाड्या मोडण्याची केंद्रे तालुक्यापर्यंत पोचली आणि जालन्याच्या भट्ट्यांना कोळशावाचून केलेली वीज परवडेल अशा दरात, रात्रीच्या पाळीलाही मिळाली, तर तीन वर्षांचे संरक्षण शुल्क सरल्यावरही इथली सळई बाजारात टिकेल. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या कोळशाच्या भावाकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.