जाहिरात नाही, पण जागा आहे! मालकाला थेट कधी आणि कसे विचाराल?

ढाणकी (ता. उमरखेड) : मोबाइलवर रोज नोकरीच्या जाहिराती येतात, त्याही बहुतेक पुण्या-मुंबईच्या. ढाणकी, उमरखेड, पुसदची दुकाने, जिनिंग, दवाखाने यांतल्या जागा त्यात क्वचितच दिसतात. मग त्या भरतात कशा?

जाहिरात का येत नाही?
१९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा २० आहे. म्हणजे पाच-सात माणसांच्या कृषी सेवा केंद्राला कुणालाच कळवावे लागत नाही. ज्यांना कळवावे लागते, त्यांच्यावरही त्याच यादीतून माणूस घेण्याची सक्ती नाही. साहजिकच जागा ओळखीतून भरते. ओळख नसेल तर स्वतः जाऊन विचारणे हाच मार्ग.

कधी जावे?
हंगामाच्या आधी. खते-बियाण्यांची गर्दी जूनमध्ये होते, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात एप्रिल-मेमध्येच जा. कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो, म्हणून जिनिंगमध्ये सप्टेंबरमध्ये विचारा. हिशेबाच्या कामासाठी जानेवारी बरा, कारण पुढे मार्चअखेर असते. बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका.

काय बोलावे?
'काही काम आहे का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणे सोपे असते. त्याऐवजी काय येते ते सांगा. उदाहरणार्थ : 'भाऊ, मी बीकॉम आहे. टॅली आणि जीएसटीची बिले करता येतात. हंगामाचे चार महिने यायची तयारी आहे.' हेच तीन ओळींत व्हॉट्सॲपवरही पाठवता येते. पण आधी भेटा, मग पाठवा.

आयटीआय झालेल्यांसाठी
३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. नांदेड, नागपूरच्या कारखान्यांत 'नोकरी आहे का?' असे विचारण्याऐवजी 'माझ्या ट्रेडचे शिकाऊ उमेदवार कधी घेणार?' असे विचारा.

हे टाळा
• नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.
• टीसी, गुणपत्रिका मूळ प्रत ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्स पुरे.
• 'आधी काम पाहू' म्हटले, तर त्या दिवसांची मजुरी आधीच ठरवा.

नकार मिळाला तरी नाव, नंबर आणि येणारे काम कागदावर लिहून देऊन या. हंगामात ऐनवेळी माणूस सुटतो, तेव्हा मालक जाहिरात देत बसत नाही. हाताशी असलेल्या नंबरवर फोन लावतो.