पहिली दहा मिनिटे कोणाची?

टळलेल्या संकटाची आठवण समाज फार दिवस ठेवीत नाही. १ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या उड्डाणपुलापाशी स्वयंपाकाच्या गॅसने भरलेला एक टँकर दुभाजकावर आदळला आणि त्यातून गळती सुरू झाली. अग्निशामक दलाने तासन् तास पाण्याचा मारा चालू ठेवला. परिसराचा वीजपुरवठा तोडण्यात आला, रस्ते अडविण्यात आले, आसपासच्या शाळा त्या दिवशी भरल्या नाहीत, घरातल्या शेगड्या पेटवू नका असे रहिवाशांना बजावण्यात आले. ठिणगी कोठेही पडली नाही आणि शहर बचावले. त्याच वर्षी २० डिसेंबरला जयपूर-अजमेर महामार्गावर असाच गॅसचा टँकर वळण घेत असताना एका मालमोटारीने त्याला धडक दिली. तेथे गळती आणि भडका यांच्यामध्ये कोणाला काही करावयास अवधीच मिळाला नाही. रस्त्यावर खोळंबलेल्या वाहनांतील माणसे बसल्या जागी होरपळली.

दोन्ही टँकरांतील माल एकाच जातीचा होता. जयपूरला जे मिळाले नाही ते सिडकोला मिळाले, म्हणजे थोडा वेळ. आणि तो वेळ शिस्तीने वापरला गेला. परंतु पहाटेच्या निर्जन रस्त्याऐवजी सकाळी साडेदहाची गर्दी असती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला आहे काय? अग्निशामक दलाचा बंब घटनास्थळी येईपर्यंत जी पहिली दहा-पंधरा मिनिटे जातात, ती कोणाच्या हाती असतात? ती सायकलवरून शाळेला निघालेल्या विद्यार्थ्याच्या, कचेरीला निघालेल्या कारकुनाच्या आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या हाती असतात. दुर्दैव असे, की या मिनिटांत काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे या तिघांपैकी कोणालाही कोणी शिकविलेले नाही.

पडेगावचे उदाहरण

शहराच्या पश्चिमेस छावणी ओलांडली की पडेगाव लागते. पुढे मिटमिटा, शरणापूर, आणि मग दौलताबाद-वेरूळची वाट. एका बाजूला वाळूजची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला नाशिक-धुळ्याकडे जाणारे रस्ते आणि मध्ये गेल्या काही दशकांत दाट होत गेलेली मध्यमवर्गीय व श्रमिकांची वस्ती, असे या भागाचे रूप आहे. काही जड वाहतूक आता नव्या वळणरस्त्यांकडे गेली असली तरी इंधनाचे टँकर, गॅस सिलिंडरांच्या गाड्या आणि महापालिकेच्या प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या ही येथील रोजची दृश्ये आहेत. ‘या गाडीत आहे तरी काय?’ हा प्रश्न या परिसराला नवा नाही. ७ मार्च २०१८ रोजी शेजारच्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक व लाठीमारापर्यंत प्रकरण गेले होते. त्या संघर्षाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु ज्या वस्तूविषयी माणसाला काही सांगितले जात नाही, तिच्याविषयी त्याच्या मनात एकतर अवास्तव भय तरी बसते अथवा घातक बेफिकिरी तरी, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

आणि गंमत अशी, की गाडीत काय आहे हे बहुतेक वेळा गाडीवरच लिहिलेले असते! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार धोकादायक माल वाहणाऱ्या वाहनावर ठळक माहिती फलक लावणे बंधनकारक आहे. त्यावर पदार्थाचे नाव, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील चार आकडी क्रमांक, धोक्याचे चित्र आणि संकटसमयी कळविण्याचा दूरध्वनी असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १८३० म्हणजे गंधकाम्ल. चौकटीतील चित्रे तर निरक्षरासही कळावीत अशी आहेत: ज्वाळा म्हणजे पेट घेणारा पदार्थ, कवटी व हाडे म्हणजे विष, हातावर व धातूवर सांडणारे थेंब म्हणजे जाळणारे आम्ल किंवा क्षार. त्याच फलकावर अग्निशामक दलासाठी एक लहानसा संकेत असतो. त्याच्या शेवटी रोमन लिपीतील ‘ई’ हे अक्षर असेल तर लोकांना तेथून हलविण्याचा विचार तातडीने करावा, असा त्याचा अर्थ होतो. ही सारी भाषा आपल्या दारावरून रोज जाते. ती वाचण्यास शिकवणारा एक तास मात्र आपल्या शाळांच्या वेळापत्रकात सापडणे कठीण.

फलक नसतो तेव्हा काय अनर्थ होतो, हे मुंबईने दोनदा पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकाच वेळी भरलेली होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून जे लाल निशाण फडकवावयाचे, ते जहाजावर नव्हते. कापसाला लागलेली आग विझविण्यासाठी आलेले साठाहून अधिक अग्निशामक जवान स्फोटात बळी गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. पुढे १४ जुलै २०१० रोजी शिवडी येथे मुंबई बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिलेल्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन सुटला व शंभराच्या आसपास माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. जहाज असो की गंजलेले नळकांडे, आत काय आहे हे बाहेरच्याला कळले नाही, हीच दोन्ही ठिकाणची मूळ गोष्ट.

काय करावे, काय टाळावे

यातून पहिला नियम निघतो तो अंतराचा. फलक दुरून वाचावा. वाचण्यासाठी जवळ जाऊ नये. आजच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने दूरचे अक्षर मोठे करून पाहता येते, हा त्या यंत्राचा खरा सदुपयोग होय. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरावा. अपघातग्रस्त वाहन अंगठ्याआड पूर्णपणे झाकले जात नसेल तर आपण अजून फार जवळ आहोत, असे समजून मागे सरावे. गॅसच्या टँकरला ज्वाळांनी वेढले असेल तर सर्व दिशांना सुमारे १,६०० मीटरपर्यंत जागा मोकळी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तिका सांगतात. कारण टाकीतील द्रव उकळून तिचे पत्रे फुटले म्हणजे तुकडे कोठवर उडतील याचा भरवसा नसतो.

दुसरा नियम वाऱ्याचा. धूळ, धूर, कडुलिंबाची पाने, दुकानापुढची पताका यांवरून वारा कोठून येतो हे क्षणात कळते. वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून तो जेथून येतो त्या बाजूस जावे आणि उंचावर जावे. स्वयंपाकाचा गॅस व क्लोरीन हे हवेहून जड असतात. ते नाल्यात, तळघरात, सखल गल्लीत उतरून साचतात. गळतीच्या जागी दिसणारे पांढरे धुके हे गोठलेल्या बाष्पाचे असते. गॅस त्या धुक्याच्या पलीकडेही पसरलेला असू शकतो. तेव्हा ‘धूर तर अजून लांब आहे’ हा हिशेब प्राणघातक ठरतो. वासावरही विसंबू नये. गटारात होणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या एकाला काढावयास दुसरा, दुसऱ्यास काढावयास तिसरा उतरतो आणि तिघेही परत येत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो त्यामागील कारणांत हेही एक आहे.

तिसरा नियम ठिणगीचा. पेट घेणाऱ्या वायूची गळती असता विडी-काडी तर नकोच. पण वाहन सुरू करणे, विजेचे बटण दाबणे, तेथेच उभे राहून फोन लावणे हेही नको. आधी दूर जावे, मग फोन करावा: ११२ किंवा १०१, जखमींसाठी १०८, आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६. सांगताना ‘लवकर या’ एवढेच न सांगता ठिकाण, फलकावरील क्रमांक, धुराचा रंग, वाऱ्याची दिशा व जखमींची संख्या सांगावी. क्लोरीनसाठी लागणारी सामग्री आणि पेट्रोलसाठी लागणारा फेस या गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्या एका वाक्यावर कोणती गाडी निघावी हे ठरते.

चौथा नियम घराचा. विषारी वायू पसरला असून बाहेर पडणे धोक्याचे आहे असे प्रशासनाने सांगितले, तर घरातच राहावे. दारे-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबावीत, शक्य तर वरच्या मजल्यावर जावे. मराठवाड्यात उन्हाळ्यात एक गोष्ट विसरली जाते: खिडकीतला कूलर बाहेरची हवा खेचून घरात सोडतो. तो आणि स्वयंपाकघरातला पंखा आधी बंद झाला पाहिजे. ओल्या फडक्याने नाक-तोंड झाकणे हे बाहेर पडताना थोडे साहाय्य करील. त्याच्या भरवशावर वायूत शिरू नये. अंगावर आम्ल उडाल्यास भिजलेले कपडे उतरवून पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहावे. हळद, तूप, टूथपेस्ट यांचे प्रयोग करू नयेत.

या नियमांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपले कुतूहल, आणि त्याहून मोठा म्हणजे आपला लोभ. टँकर उलटला की डबे-कॅन घेऊन धावणारी गर्दी आपल्याला अपरिचित नाही. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील बहावलपूर जिल्ह्यात उलटलेल्या टँकरमधील पेट्रोल भरून नेण्यास जमलेल्या जमावावर आगीचा लोळ आला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. फुकटच्या पेट्रोलची किंमत याहून अधिक ती काय असणार?

माहिती हा हक्क आहे

एवढे सारे नागरिकांनी शिकावे असे म्हणताना शासन व कारखानदार यांची जबाबदारी निसटू देता कामा नये. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळला जे घडले, त्यात केवळ वायूने बळी घेतले नाहीत, अज्ञानानेही घेतले. कारखान्यात काय साठविले आहे हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नव्हते, कोणत्या दिशेने पळावे हे कोणी सांगितले नव्हते, आणि उपचार काय करावा हे डॉक्टरांनाही कळविले गेले नव्हते. त्या आघातानंतर कायदे झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी, ज्यांना अपघाताची झळ पोहोचू शकते अशा बाहेरच्या लोकांना माहिती देणे कारखानदारावर बंधनकारक केले; कारखान्याबाहेरील आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वर्षातून एकदा व्हावी असेही सांगितले. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर संकट निवारण गट स्थापण्याची तरतूद केली.

तरतूद आणि तालीम यांत मात्र अंतर राहते. कारखान्याच्या फाटकाआत होणारी तालीम छायाचित्रापुरती होते आणि फाटकाबाहेरच्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. लोकांना सारे सांगितले तर ते घाबरतील, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो विचारांती टिकत नाही. सिडकोच्या त्या पहाटे लोकांना सांगितले गेले, म्हणूनच ते शेगड्या न पेटविता राहिले. घबराट माहितीने होत नाही. माहिती उशिरा व अर्धवट मिळाल्याने होते.

मग सुरुवात कोठून करावी? अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो. त्या दिवशी डॉ. आंबेडकर जयंतीची सुटी असते आणि सप्ताहाचे दिवस परीक्षांच्या धामधुमीत जातात. त्यापेक्षा २ डिसेंबर बरा. भोपाळच्या स्मृतीसाठी तो राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास शाळा-महाविद्यालये भरलेली असतात. त्या दिवशी पडेगावसारख्या रस्त्यालगतच्या वस्तीतील प्रत्येक शाळेत एक तास या विषयास द्यावा. विज्ञानाच्या शिक्षकाने नऊ वर्गांची चित्रे फळ्यावर काढावीत, भूगोलाच्या शिक्षकाने मैदानावर वाऱ्याची दिशा ओळखावयास लावावी, आणि विद्यार्थ्यांनी फोनवर काय सांगावयाचे याची तालीम करावी. कचेऱ्यांच्या सूचनाफलकांवर परिपत्रकांच्या शेजारी धोक्याच्या चित्रांचा एक मराठी तक्ता लागला तर त्यास खर्च कागदाएवढाच येईल. महापालिकेने रस्त्याकाठच्या भिंतींवर सुविचारांच्या जोडीला हे चार नियम रंगवावेत. आणि नागरिकांनी आपल्या शेजारच्या कारखान्याला, गोदामाला, प्रक्रिया केंद्राला एक साधे पत्र लिहून विचारावे, की आपल्याकडे काय साठविले आहे व ते सुटल्यास आम्ही काय करावे? लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागणे हे कारकून आणि शिक्षक यांच्याइतके कोणास साधणार?

अग्निशामक दलाला आपण शूर म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या शौर्याची परीक्षा वारंवार घ्यावी लागू नये, ही जबाबदारी आपली आहे. बंब पोहोचेल तेव्हा रस्ता मोकळा असावा, शेगड्या विझलेल्या असाव्यात, आणि फलकावरचा चार आकडी क्रमांक कोणीतरी दुरूनच वाचून आधी कळविलेला असावा. पहिल्या दहा मिनिटांत नागरिकाकडून एवढेच हवे आहे.